बसायची मुभा

मागच्या दिवाळीत फराळाच्या ताटल्या अजून उचलायच्या होत्या आणि एक व्हिडिओ या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत होता. मोठ्या दालनात लाल पायघोळ झगा घातलेली एक बाई खुर्चीत बसली आहे. मान खाली, डोळे मिटलेले. समोरच्या रिकाम्या खुर्चीत पिकल्या दाढीचा एक माणूस येऊन बसतो. बाई डोळे उघडते, त्याच्याकडे बघते आणि तिचे डोळे भरून येतात.

आमच्या आत्याचे यजमान, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, ते बँकेतून निवृत्त झालेत, मतं देण्यातून नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून व्हिडिओ दोनदा बघितला आणि मला विचारलं, "पण ही करते काय?"

"बसते."

"नुसती?"

"हो अण्णा. अडीच महिने बसली होती."

"मग आमच्या सोसायटीच्या वॉचमनला न्या की तिथं. तो बारा तास उभा असतो."

हशा झाला. मीही हसले, नेहमीसारखी कलेच्या बाजूनं चार वाक्यं बोलले आणि गप्प झाले. पण तो टोमणा काही डोक्यातून जाईना. स्वतःचं शरीरच माध्यम करणाऱ्या या प्रकारच्या कलेबद्दल मी बरंच वाचलं आहे, त्यात इतका नेमका प्रश्न क्वचितच भेटला. अडचण एवढीच की अण्णांनी तो चेष्टेत विचारला आणि उत्तराची वाट न बघता करंजी उचलली.

तर हे त्यांना उशिरानं दिलेलं उत्तर. न हलता बसण्याला किंवा उभं राहण्याला कला म्हणायला माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. पण सोसण्याला कला म्हणून डोक्यावर घ्यायला माझी सक्त हरकत आहे. या दोन्हींमधला फरक मला एकाच साध्या प्रश्नातून कळतो: या माणसाला उठून जायची मुभा आहे का? आणि हा प्रश्न एकदा विचारायला लागलं की तो दालनातल्या खुर्चीपाशी थांबत नाही. दाराशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत जातो. तिथंच आपली सगळ्यांची पंचाईत होते.

व्हिडिओतली बाई म्हणजे मरीना अब्रामोविच, जन्म १९४६, बेलग्रेड. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे 'मोमा'त, १४ मार्च ते ३१ मे या काळात ती एकूण ७३६ तास ३० मिनिटं बसली. म्युझियम उघडायच्या वेळी खुर्चीत, बंद झाल्यावर खुर्चीबाहेर. मध्ये खाणं नाही, पाणी नाही, बोलणं नाही, उठणं नाही. समोर कुणीही यावं, हवा तेवढा वेळ बसावं. दीड हजारांहून जास्त लोक येऊन बसले. लोक रात्री फुटपाथवर झोपून नंबर लावायचे. कुणी दोन मिनिटांत उठलं, कुणी दिवसभर खुर्ची अडवून मागच्या रांगेचा तळतळाट घेतला. सुरुवातीला दोन खुर्च्यांमध्ये टेबल होतं, पुढे तेही काढून टाकलं. उद्घाटनाला समोर येऊन बसलेला तो दाढीवाला म्हणजे उलाय, तिचा बारा वर्षांचा साथीदार. १९८८ मध्ये दोघं चीनच्या भिंतीच्या दोन टोकांकडून नव्वद दिवस चालत आले, मध्ये भेटले आणि तिथंच वेगळे झाले. व्हिडिओ या गोष्टीवर चालतो. मला त्या प्रेमकथेत फारसा रस नाही. मला रस आहे गुडघ्यांत.

इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलेल्या कुणालाही विचारा. चौथ्या दिवसापासून 'अधिष्ठान' सुरू होतं. तासभर हात हलवायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. पहिली वीस मिनिटं माणूस साधुसंत असतो. मग उजव्या घोट्यात काहीतरी चुरचुरतं, ते मांडीपर्यंत चढतं, आणि चाळिसाव्या मिनिटाला तुमचं सगळं शिक्षण, संस्कार, घरदार मिळून एवढीच एक इच्छा उरते की पाय दोन इंच सरकावा. मी सरकवला. पहिल्या दिवशीही, दुसऱ्या दिवशीही. अब्रामोविच आणि उलाय हेही बोधगयेला विपश्यनेला बसलेले आहेत. १९८१ ते १९८७ या काळात त्या दोघांनी टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर निश्चल बसायचा एक प्रयोग जगभर २२ वेळा केला, मिळून ९० दिवस.

उभं राहणं तर त्याहून अवघड. आपल्याला वाटतं, उभं राहणं म्हणजे काही न करणं. शरीराला तसं वाटत नाही. माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटर रक्त खाली पोटात आणि पायांत उतरतं. ते परत वर ढकलायचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, पण ते चालताना, हलताना. माणूस खांबासारखा उभा राहिला की हा पंप बंद पडतो, मेंदूकडे जाणारं रक्त कमी होतं आणि मग चांगला पैलवान गडी आडवा होतो. जून २०२३ मध्ये लंडनला उन्हात संचलनाची तालीम सुरू असताना लोकरीचे डगले आणि अस्वलाच्या केसांच्या टोप्या घातलेले सैनिक असेच कोसळले होते. शाळेत आम्हाला शिक्षा म्हणून बाकावर उभं करायचे, धावायला नाही लावायचे. मास्तरांना शरीरशास्त्र चांगलं कळत होतं.

म्हणून 'यात काय अवघड आहे' हा आक्षेप मला पटत नाही. 'अवघड आहे म्हणून कला आहे' हे मात्र त्याहूनही कमी पटतं. अवघड तर पोतं उचलणंही आहे.

निश्चलतेत कला कुठून येते, तर समोरच्यांकडून. अब्रामोविचचाच १९७४ चा नेपल्समधला प्रयोग घ्या. ती सहा तास उभी राहिली, टेबलावर ७२ वस्तू मांडल्या: गुलाब, पीस, मध, कात्री, छोटी सुरी, पिस्तूल आणि एक गोळी. माझ्यावर यातलं काहीही वापरा, जबाबदारी माझी, असं लिहून ठेवलं. आधी लोकांनी फूल दिलं. मग कपडे कापले, मग कातडी कापली, मग कुणीतरी पिस्तूल भरून तिच्याच हातात देऊन मानेशी टेकवलं आणि दुसऱ्या कुणीतरी ते हिसकावून घेतलं. सहा तास संपले आणि ती चालत लोकांकडे निघाली, तर लोक पळाले. तिनं काहीच केलं नव्हतं. जे काही झालं ते बघणाऱ्यांनी केलं. हलणारा माणूस आपल्याला गुंतवून ठेवतो. न हलणारा माणूस आपल्याला आपल्याच हवाली करतो. 'मोमा'त लोक का रडले याचंही माझ्यापुरतं कारण हेच. त्या बाईत काही दैवी नव्हतं. इतका वेळ कुणी आपल्याकडे नुसतं बघितलं नव्हतं.

इथवर मी अब्रामोविचच्या बाजूची. पण अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नाही. ते आहे ते-चिंग शिये नावाच्या माणसाकडे, ज्याला आपल्याकडे फारसं कुणी ओळखत नाही. अब्रामोविच स्वतः त्याला उस्ताद मानते.

शियेचा जन्म १९५० चा, तैवानमधला. खलाशी म्हणून जहाजावर चढला आणि १९७४ मध्ये फिलाडेल्फियाजवळ जहाज लागलं तेव्हा उतरून जो गेला तो परत आलाच नाही. न्यूयॉर्कमध्ये चौदा वर्षं तो कागदपत्रांशिवाय राहिला. हॉटेलांत भांडी घासली, फरशा पुसल्या. काम संपलं की खोलीत येरझाऱ्या घालत विचार करायचा, आपण कलाकार आहोत तर आता कला काय करायची. चार वर्षं अशी गेली. मग त्याच्या लक्षात आलं की हा जो वेळ वाया चालला आहे, तोच आपला ऐवज. १९७८ मध्ये त्यानं लाकडी पिंजरा केला आणि त्यात एक वर्ष राहिला. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, रेडिओ नाही, टीव्ही नाही. एक मित्र जेवण आणून द्यायचा आणि घाण उचलून न्यायचा. त्याच वर्षी त्यानं स्वतःच्याच नावाचं 'पाहिजे आहे' असं पोस्टर काढलं होतं, बेकायदा परदेशी म्हणून, बोटांच्या ठशांसकट. कागद नसलेला माणूस तसाही पिंजऱ्यातच असतो. यानं गज लावून दाखवले, एवढंच.

पण मला थक्क करतो तो पुढचा प्रयोग. ११ एप्रिल १९८० ला त्यानं खोलीत पंचिंग मशीन बसवलं, कारखान्याच्या फाटकाशी असतं ते. कामगाराचा करडा गणवेश घातला, डोकं तासलं. आणि एक वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला कार्ड पंच केलं. दर तासाला. म्हणजे वर्षभर ठरवून सलग तासाभराचीही निवांत झोप नाही. वर्षाचे ८,७६० तास. त्यातले १३३ पंच हुकले आणि त्यांचाही हिशेब त्यानं मांडून ठेवला: ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा घाईनं आधीच केलं. प्रत्येक पंचाच्या वेळी फिल्मवर स्वतःचं एक चित्र. ती सगळी चित्रं जोडली की जेमतेम सहा मिनिटं भरतात. तासलेल्या डोक्यावर केस फुटतात, कानांवर येतात, खांद्यावर येतात, चेहरा थरथरत राहतो. मागचे काटे गरागरा फिरतात. एक वर्ष सहा मिनिटांत.

या वर्षात त्यानं काय तयार केलं? काही नाही. फक्त हजेरी लावली. नोकरीतून काम काढून घेतलं की जे उरतं ते, कोरी हजेरी. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या घरांत हे समजावून सांगायची गरज पडू नये. शियेनं कधी दुःखाचं भांडवल केलं नाही. आपलं काम सोसण्याबद्दल नाही, वेळ जाण्याबद्दल आहे, असंच तो सांगत आला. पण भांडी घासणाऱ्या माणसानं मशीनसमोर उभं राहून कामगाराचा वेळ दाखवला, हे विसरून त्याची कला बघताच येत नाही. अण्णा, तुमच्या वॉचमनला म्युझियममध्ये न्यायची गरज नाही. तो १९८० मध्येच तिथं जाऊन आला.

आता अब्रामोविचकडे परत, कारण पुढची गोष्ट तिची आहे आणि ती तितकी गोड नाही.

'मोमा'त ती खाली बसली होती तेव्हा वरच्या मजल्यावर तिचे जुने प्रयोग तरुण कलाकार पुन्हा करत होते, पगारावर. त्यात १९७७ चा एक प्रयोग होता: दारात दोन नग्न माणसं समोरासमोर उभी आणि प्रेक्षकांनी त्यांच्यामधून अंग चोरून आत जायचं. मूळ प्रयोगात तिथं स्वतः ती आणि उलाय उभे होते. २०१० मध्ये तिथं पाळीनं माणसं उभी होती. त्यांतल्या एकानं २०२४ मध्ये म्युझियमवर दावा लावला की प्रेक्षक नको तिथं हात लावत होते आणि म्युझियमनं ते पुरेसं रोखलं नाही. दाव्याचं काय व्हायचं ते होईल. मला त्यातली रचना बघायची आहे. कलाकार स्वतःच्या शरीराची जबाबदारी स्वतः घेतो, ती त्याची मोकळीक. तेच शरीर दुसऱ्याचं झालं आणि त्याला तासांवर पैसे मिळायला लागले की ती नोकरी झाली. मग तिथं पाळी, सुट्टी, पाणी, विमा हे सगळं आलंच पाहिजे. कलेच्या नावानं सूट नाही.

नोव्हेंबर २०११ मध्ये हे आणखी उघडं पडलं. लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयाची निधी उभारण्यासाठी मेजवानी होती, रचना अब्रामोविचची. श्रीमंत पाहुणे टेबलांभोवती जेवत होते आणि टेबलांना मधोमध पाडलेल्या भोकांतून माणसांची डोकी वर आलेली होती. ते कलाकार टेबलाखाली गुडघ्यांवर बसून हळूहळू फिरत होते, पाहुण्यांच्या नजरेला नजर देत, साधारण तीन तास. मोबदला दीडशे डॉलर आणि संग्रहालयाचं एका वर्षाचं सभासदत्व. नृत्यकार इव्हॉन रेनर यांनी संग्रहालयाच्या संचालकांना पत्र लिहून याला पिळवणूक म्हटलं. अब्रामोविचचं म्हणणं होतं की कलाकार आपखुशीनं आले आहेत. खरं असेल. पण आपखुशी तपासायची कशी? त्या डोक्याला तिसऱ्या मिनिटाला खाज आली, उलटी आली, समोरच्याचा राग आला, तर ते टेबलाखालून उठून दीडशे डॉलर खिशात घालून घरी जाऊ शकतं का? 'मोमा'तली अब्रामोविच एकविसाव्या दिवशी उठली असती तर जगानं तिला टाळ्याच वाजवल्या असत्या.

आणि आता केरळातलं कोळिकोड. न्यूयॉर्कला एक बाई बसून राहिली म्हणून जग जमा झालं, त्याच दशकात कोळिकोडच्या मिठाई गल्लीत बसायला मिळावं म्हणून बायका भांडत होत्या.

तिथल्या कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसायची बंदी. गिऱ्हाईक असो, नसो. दुपारी दोन वाजता दुकानात चिटपाखरू नसलं तरी उभं राहायचं. स्वच्छतागृह नाही, म्हणून पाणी प्यायचं नाही. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं या बायकांना एकत्र आणून 'पेणकूट्टु' ही संघटना बांधली. आधी लढा स्वच्छतागृहासाठी झाला, मग बसण्यासाठी. २०१४ च्या आंदोलनाला मल्याळममध्ये नावच पडलं 'इरिक्कल समरम', बसण्याचा लढा. २०१८ मध्ये केरळनं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनं केली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४व्या कलमात उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय लिहिलेली होती, पण ती कारखान्यांना. ब्रिटनमध्ये दुकानातल्या तीन बायकांमागे एक खुर्ची ठेवायचा कायदा १८९९ चा आहे. केरळमध्ये ही खुर्ची एकशे एकोणीस वर्षं उशिरा पोहोचली.

कायदा झाला की खुर्ची येते असंही नाही. आपल्याकडे एखाद्या मोठ्या साडीच्या दुकानात किंवा मॉलमध्ये जा आणि कपड्यांकडे न बघता ते दाखवणारीच्या पायांकडे बघा. एक पाय चपलेतून काढून दुसऱ्या पायाच्या पोटरीवर घासत असेल. ती खुर्ची कोपऱ्यात असतेच, पण तिच्यावर आपण बसलेले असतो, नाहीतर आपल्या पिशव्या.

मध्यंतरी मी दर शनिवारी एका स्केचिंगच्या वर्गाला जात होते. तिथं मॉडेल म्हणून पन्नाशीच्या एक मावशी यायच्या. नऊवारी, एक हात गुडघ्यावर, मान किंचित डावीकडे. पहिल्या बैठकीला सरांनी खडूनं त्यांच्या पावलांभोवती जमिनीवर रेघ ओढली, म्हणजे विश्रांतीनंतर पाय त्याच जागी येतील. आम्ही दहा-बाराजण चारकोल घेऊन त्यांच्या हनुवटीची सावली पकडायला धडपडत होतो. तेव्हा मला एकदम दिसलं की खोलीत सगळ्यात कसलेलं काम कुणाचं चाललं आहे. आम्ही चुकलो तर खोडत होतो. त्यांना खोडता येत नव्हतं. विश्रांतीला त्या उठल्या तेव्हा पायाला मुंग्या आल्यामुळे एक मिनिट खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या आणि हसून म्हणाल्या, "तुमचं नाक बरोबर आलं का गं?" चित्रांवर सह्या आमच्या. त्यांचं पाऊल खडूच्या रेघेत. पुढच्या शनिवारपर्यंत तीही कुणीतरी पुसलेली असायची.

मावशी निश्चलतेच्या कलाकार होत्या का? कसब म्हणाल तर नक्की, अब्रामोविचच्या तोडीच्या. तरी मी त्यांना घाईघाईनं कलाकार म्हणणार नाही. कारण ते म्हटलं की आपल्याला बरं वाटतं आणि त्यांच्या रोजंदारीत एक रुपयाचीही भर पडत नाही. या बाबतीत मराठी माणूस फार तरबेज आहे. आपल्या भाषेत 'सोशिक' हे कौतुकाचं विशेषण आहे, आणि ते कुणाला लावतात बघा: सुनेला, बैलाला, आईला. सासऱ्यांना कुणी सोशिक म्हटल्याचं मी ऐकलं नाही. ज्याच्याकडून काम काढून घ्यायचं त्याच्या सहनशक्तीला हार घालायचा, ही आपली जुनी रीत. मुंबई पाण्यात बुडाली की दुसऱ्या दिवशी 'मुंबईकरांचं स्पिरिट' निघतं ते याच घरातलं. म्हणून शरीराच्या सहनशक्तीवरची कला आपल्याकडे येते तेव्हा मला थोडी धास्ती वाटते. ती आपल्या आधीच सुजलेल्या सोशिकतेच्या पूजेत भर घालेल की काय, अशी.

माझा तो मुभेचा निकष मी फार स्वच्छ म्हणून मांडला, पण तो तसा नाही. २०१२ मध्ये मध्य प्रदेशात खंडवा जिल्ह्यातल्या घोगलगावात ओंकारेश्वर धरणाचं पाणी वाढवलं म्हणून गावकरी सतरा दिवस गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले. त्यांच्या पावलांचे फोटो आठवत असतील: पांढरीफटक, सोललेली, माशाच्या पोटासारखी. त्यांना उठून जायची मुभा होती का? होती, पण जायचं कुठं, जमीनच बुडत होती. आणि तरी ते उभं राहणं नुसतं सोसणं नव्हतं. ते कुणाच्या तरी तोंडावर उभं राहणं होतं, आणि सरकारला पाण्याची पातळी कमी करायला लावूनच ते बाहेर आले. २०१३ च्या जूनमध्ये इस्तंबूलच्या तक्सीम चौकात पोलिसांनी आंदोलक हुसकावल्यावर एर्देम ग्युन्दूज नावाचा नर्तक खिशात हात घालून नुसता उभा राहिला, संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत. पोलिसांनी त्याची पिशवी तपासली, अंग चाचपलं, आणि पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. उभं राहणं हा कुठला गुन्हा? बघता बघता त्याच्या मागे शेकडो लोक उभे राहिले.

म्हणजे मुभेच्या जोडीला आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे हे शरीर कुणाला काही म्हणतंय की नुसतं वापरलं जातंय. घोगलगावचं म्हणत होतं. तक्सीमचं म्हणत होतं. टेबलातलं डोकं मला तरी वापरलेलं वाटतं.

गोव्यात राहणारे निखिल चोप्रा २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये नऊ दिवस दालनांतून वेश पालटत, चित्रं काढत वावरले. आपल्याकडचे तरुणही आता हे माध्यम हाताळायला लागले आहेत. चांगलंच आहे, त्यांना जागा मिळावी, सरकारी दालनंही मिळावीत. माझी मागणी छोटी आणि रुक्ष आहे. ज्या दालनात तासन् तास शरीर ताणणारी कला दाखवली जाते, तिथल्या प्रत्येक उभ्या माणसाचे तास ठरलेले असावेत: मोबदल्यावर आलेला कलाकार, पहारेकरी, तिकीट फाडणारा, सगळ्यांचे. प्रत्येकाजवळ बसायला काहीतरी असावं. आणि भिंतीवरच्या पाटीवर 'कालावधी सहा तास' असं कलाकाराबद्दल छापता, तसं दारावरच्या माणसाचंही छापा. खर्च एका स्टुलाचा. यावर 'ही कलेत ढवळाढवळ आहे' असं म्हणणाऱ्यांनी आधी ते स्टूल आणावं, मग वाद घालू.

ही मागणी मला सुचली ती मुंबईतल्या एका दालनात. एक तरुण मुलगा विटेवर उभा होता, सहा तास. खरी वीट, भट्टीतली. येणारा प्रत्येकजण 'विठ्ठल!' म्हणून फोटो काढत होता. मला पुंडलिक आठवला. त्यानं वीट फेकून देवाला थांब म्हटलं, कारण तो आईबापांच्या सेवेत होता. देवाला निघून जायला कुणाची आडकाठी होती? तो राहिला. उभं राहण्याच्या मोठेपणाची आपली सगळ्यात जुनी गोष्टसुद्धा मुभेचीच आहे.

दाराशी वॉचमन होते, निळा शर्ट, खांद्यावर पट्टी. तेही उभेच. मी विचारलं, "काका, बसत का नाही?"

"बसलं की कॅमेऱ्यात दिसतं मॅडम. वरनं फोन येतो. पॉइंट सोडायचा नाही."

मग आवाज खाली घेऊन, आतल्या मुलाकडे हनुवटीनं खूण करत म्हणाले, "त्याला सांगा कुणीतरी. गुडघे ताठ धरलेत त्यानं. असा तासाभरात पडेल. गुडघा इतका," आणि त्यांनी स्वतःचा गुडघा जेमतेम दिसेल न दिसेल इतका सैल केला, "इतका ढिला ठेवायचा. बुटात बोटं मिटायची-उघडायची. भार डावीकडं, मग उजवीकडं, पण वरनं कळता कामा नये."

मी वर बघितलं. वरून खरंच काही कळत नव्हतं. त्या संध्याकाळी दालनात समीक्षक होते, कलाशिक्षक होते, मी होते. त्या मुलाच्या कामात नेमकं काय चुकतंय हे एकालाच दिसत होतं.

सहा तास संपले. मुलगा विटेवरून उतरला आणि जमिनीवर बसला नाही, कोसळला. टाळ्या झाल्या. वॉचमन पाण्याची बाटली घेऊन आत गेले, त्याला पालथा होऊ न देता उताणा निजवला आणि दोन्ही टाचा पांढऱ्या भिंतीवर चढवून दिल्या. "धा मिनिटं असाच ऱ्हा," म्हणाले. भिंतीवर विटकरी धुळीचे दोन डाग उमटले. दालनाच्या बाईंनी ते डाग बघितले, पण त्या काही बोलल्या नाहीत.

मग ते परत दाराशी येऊन उभे राहिले. साडेसात वाजले होते. त्यांचा रिलीव्हर आठला यायचा होता. "येतो का वेळेवर?" मी विचारलं.

"कधी येतो," ते म्हणाले. "न्हाई आला तर डबल."